गल्लीत एकही प्रतिष्ठित बाई नाही

मनुबाईला पहिल्यांदा कुणी 'प्रतिष्ठित' म्हटलं तेव्हा तिचे दोन्ही हात झुणक्याच्या पिठात होते, आणि तिला वाटलं, साहेब आपल्याला शिवी देतोय.

"जेवायला आलायसा का शिव्या द्यायला?" तिनं विचारलं.

"शिवी न्हाई री, आक्का. कायद्यातला शब्द हाय," इन्स्पेक्टर नागेंद्र म्हणाले. विजापूरकडचे गृहस्थ, निपाणीला नुकतेच बदलून आलेले. मराठी बोलायचे, पण वाक्याला एक 'री' चिकटवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "बायकांचा धंदा चालतो तिथं धाड घालायची तर दोन पंच लागतात. वस्तीतले प्रतिष्ठित लोक. त्यात निदान एक बाई पाहिजेच. न्हाईतर कोर्टात आमची धाड गेली पाण्यात."

"मग बँकेतल्या म्याडमला न्या की."

"विचारून आलो. म्याडम म्हणतात, माझं नाव असल्या कागदावर गेलं तर पोरीचं लगीन कसं हुईल."

"डॉक्टरीणबाई?"

"त्यांनी दाराआडून सांगितलं, डॉक्टरीणबाई घरात न्हाईत म्हणून. आवाज त्यांचाच होता."

"शाळेतल्या मोठ्या बाई?"

"त्यांना चक्कर आली."

गावातल्या सगळ्या प्रतिष्ठित बायकांनी आपापली प्रतिष्ठा वाचवण्यासाठी असा नकार दिला, आणि तो शब्द एकेक पायरी उतरत बसस्टँडसमोरच्या खानावळीच्या चुलीपर्यंत येऊन पोचला. मनुबाईनं हात धुतले. वडगावच्या विणकराघरची ही लेक लग्न होऊन निपाणीत आली होती. तंबाखूच्या वखारीतला नवरा एक दिवस गोव्याला जातो म्हणून गेला आणि तिकडंच रमला. तेव्हापासून तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं की लग्नात पुढच्या रांगेत बसवलं नव्हतं. जेवायला मात्र सगळे यायचे. आता खाकीतला एक मोठा अंमलदार तिच्या उंबऱ्यावर उभा राहून सांगत होता की देशाच्या कायद्याला ती हवी आहे. तिनं ट्रंकेतून भावानं मागावर विणून दिलेली जांभळी साडी काढली. ती साडी पुढं 'पंचाची साडी' म्हणूनच गल्लीत ओळखली जाऊ लागली.

ती पहिली धाड हायवेवरच्या एका लॉजवर होती. मनुबाईला त्या धाडीतलं एकच आठवतं. वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. किल्ली निघाली ती विक्रम नावाच्या माणसाच्या पँटच्या खिशातून. हा विक्रम स्वतःला लॉजचा मॅनेजर म्हणवायचा. आत एक शाळकरी वयाची पोरगी, केसात वाळलेल्या अबोलीचा गजरा. बेंगळूरला शिवणकामाची नोकरी देतो म्हणून तिला आणली होती. त्या पोरीचं नाव कायद्यानं कुठं उच्चारायचं नाही, म्हणून मनुबाई तिला 'अबोलीवाली' म्हणते. तिनं पोरीला पदराखाली घेऊन जिना उतरवला, खाली कागदावर सही केली, आणि त्या दिवशी तिला खरोखरच प्रतिष्ठित वाटलं.

नंतरच्या धाडींचं मात्र तिला काही कळेना. मोठ्या मोठ्या बायका, पोराबाळांच्या आया, आपापल्या खोलीतून ओढून काढायच्या आणि कागदावर 'सुटका' लिहायचं. एकदा तिच्याच वयाची एक बाई जीपमध्ये तिच्या शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "आक्का, माझी सुटका झाली न्हवं?"

"झाली की."

"मग मी घरला जातो."

मनुबाईनं साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "तसं न्हाई री. सुटका झालेल्या बाईला जाता येत न्हाई. आधी सरकारी गृहात ऱ्हावं लागतं. मग चौकशी. मग आई-बाप, न्हाईतर नवरा, कुणीतरी जबाबदार माणूस येऊन घेऊन जाईल."

"माझं आई-बाप मेलं. नवरा मेला असला तर बरं."

"मग अवघड हाय," साहेब म्हणाले. ते मनापासून हळहळलेही.

मनुबाईनं त्याही कागदावर सही केली. पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही, आणि तिनं ते राजाबाईला सांगितलं.

राजाबाई कोण ते सांगायला हवं. मनुबाईच्या घराचं तोंड बसस्टँडच्या रस्त्याला, तिथं खानावळ. खानावळीच्या मागं मोरी, मोरीमागं परडं, परड्यापलीकडं एक खोली, आणि त्या खोलीचं निळं दार उघडतं ते मागच्या बेलदार बोळात. त्या खोलीत राजाबाई राहते. सकाळी ती खानावळीच्या भाकऱ्या थापते, कारण मनुबाईची भाकरी फुगत नाही. दुपारी निळं दार लावून घेते. तिच्याकडं येणारे आता सगळे पिकलेले. तंबाखूचा एक म्हातारा दलाल येतो. एक जण नुसता पाय चेपून मागतो, आणि एक निवृत्त मास्तर बायकोबद्दल तक्रारी सांगून रडतो आणि जातो. राजाबाई या धंद्यात कशी आली ते तिनं कधी सांगितलं नाही, मनुबाईनं कधी विचारलं नाही. दोघींच्या मध्ये एक मांजर आहे. ते दूध राजाबाईचं पितं आणि झोपतं मनुबाईच्या पोत्यावर.

बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्या माधवी वकील निपाणीला तारखेला आल्या की मनुबाईकडं जेवायच्या. एकदा मनुबाईनं ताट वाढता वाढता सहज विचारल्यासारखं केलं, "बाई, एकटी बाई आपल्या खोलीत आपल्या राजीखुशीनं धंदा करत असली, तर त्यो गुन्हा हाय का वो?"

"नाही," माधवीबाई म्हणाल्या. "सज्ञान बाई असेल तर नाही. सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय, अशा बाईला पकडायचं नाही, त्रास द्यायचा नाही."

"झालं तर."

"पण तिच्याबरोबर दुसरी तसलीच बाई राहिली तर तो अड्डा. अड्डा गुन्हा आहे. तिच्या कमाईवर अठरा वर्षांवरचं कुणी जगलं तर त्याचा गुन्हा. देऊळ, शाळा, दवाखाना दोनशे मीटरच्या आत असला तर गुन्हा. आणि जिनं माहीत असून खोली भाड्यानं दिली, तिच्यावर तर पोलीस हमखास बोट ठेवणार."

मनुबाईच्या हातातली पळी आमटीतच राहिली. "म्हंजे धंदा करा खरं कुठं करू नका, कुणासंगं ऱ्हाऊ नका, आन त्याचं पैसं कुणाला खाऊ घालू नका?"

"थोडक्यात तसंच."

"आन मांजर?"

"काय मांजर?"

"एकाद्या बाईचं मांजर तिच्या पैशाचं दूध पीत असलं तर?"

माधवीबाईंनी घास थांबवून गंभीरपणे विचार केला. "मांजर अठराच्या आतलं असतं," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मनुबाईनं राजाबाईला सांगितलं, "राजी, आजपासनं भाडं न्हाय द्यायचं."

"का गं? भाकऱ्या करपत्यात व्हय?"

"कायदा हाय."

"मग मी तुझ्याकडं फुकट ऱ्हातो म्हण की. ह्ये बेस झालं. असला कायदा आदीच कुणी सांगितला असता तर?"

अशी ती दोघींची व्यवस्था. निळं दार पोलिसांना कळलं तर राजाबाई त्या सरकारी गृहात जाणार, आणि तिला सोडवून न्यायला जगात ना आई, ना बाप, ना नवरा. मनुबाई होती, पण मैत्रीण ही कायद्याच्या यादीत नव्हती.

आणि मग तंबाखूच्या हंगामातल्या एका दुपारी, जेवणावळ उरकली असताना, खानावळीसमोर जीप थांबली.

"आक्का, चला री. साडी नेसा."

"कुठं?"

"ठिकाण गुप्त."

जीपमध्ये दुसरे पंच बसलेच होते, परशराम शिंपी, गळ्यात मापाची टेप. शिवाय दोन महिला पोलीस. त्यातली रचना मनुबाईकडं रोजची जेवणारी. जीप हायवेला लागली. पुलाखालून वळली. गुप्तता राहावी म्हणून साहेबांनी ती भाजी मंडईतून घेतली, मग तंबाखूच्या वखारींमागून घेतली, मग एका ठिकाणी म्हशींच्या मागं थांबवली. आणि एवढा गावाला वळसा घालून जीप शिरली ती बेलदार बोळात.

बोळात नेहमीसारख्या बायका आपापल्या पायरीवर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. बाळाबाई, बोळातली सगळ्यात म्हातारी, डोळे बारीक करून म्हणाली, "मने, जीपमधनं कुठनं आलीस गं? आत्ता तर चुलीम्होरं खोकत हुतीस."

"बघा," साहेब खूश होऊन परशरामला म्हणाले. "सगळे ओळखतात. ह्याला म्हणायचं प्रतिष्ठा."

जीप निळ्या दारासमोर थांबली. मनुबाईच्या नाकाला आमटीचा वास आला. तिचीच आमटी. ती मंद आचेवर ठेवून आली होती.

"परशराम, तुम्ही एक काम करा," साहेब म्हणाले. "कोपऱ्यावर मारुतीचं देऊळ हाय. तिथनं इथवर मोजून काढा. दोनशे मीटरच्या आत हाय का बघू."

"ह्या टेपनं?" परशरामनं गळ्यातली टेप दाखवली. ती छाती-कंबर मोजायची टेप होती.

"मोजमाप ते मोजमाप री."

परशराम देवळाकडं गेला, खाली वाकला आणि बोळ मोजत परत यायला लागला, एकेक कंबर एकेक कंबर करत.

साहेबांनी मनुबाईच्या हातात लेखी हुकूम दिला. "मी आत येत न्हाय," मनुबाई म्हणाली.

"लेखी हुकूम हाय, आक्का. कारण नसताना नकार दिला तर तो गुन्हा हुतो."

"आन कारण असलं तर?"

"सांगा."

मनुबाईनं पदर खोचला, बोळभर नजर फिरवली आणि जो शब्द तिला आयुष्यात एकदाच मिळाला होता तो परत केला. "मी प्रतिष्ठित न्हाय."

बोळातले सगळे हात विडीवर थांबले.

"कोण म्हणतंय?" बाळाबाई कडाडली. "साहेब, ऐकू नका तिचं. ह्या बोळात हिच्यासारखी बाई न्हाय."

"बाळाबाई, गप बसा की वो."

"का गप? करोनात सगळं बंद हुतं तवा सगळ्या बोळाला हिनं जेवाय घातलं," अंगणवाडीत मदतनीस असलेली इंदुताई पुढं झाली. "लिवा साहेब, लई प्रतिष्ठित हाय."

"साहेब, मी शिळ्या आमटीत पाणी वाढवतो," मनुबाई म्हणाली.

"ते अन्नभेसळीकडं जातं. आमचं खातं वेगळं."

"माझा नवरा पळून गेला."

"ती त्याची प्रतिष्ठा गेली."

"मी शिव्या देतो!"

"ते सगळ्यांनी ऐकलंय री," साहेब म्हणाले. मग त्यांनी तिला जीपच्या आडोशाला नेलं आणि आवाज खाली आणला. "आक्का, काय झालंय मला ठाऊक न्हाई. खरं एक ऐका. लॉजच्या केसची तारीख लागलीय बेळगावात. आज तुमी इथं प्रतिष्ठित न्हाय म्हणून लिहून दिलंत, तर विक्रमचा वकील तेच उद्या कोर्टात वाचणार. लॉजवर पंच बाई प्रतिष्ठित नव्हती, म्हणून धाड बेकायदा. मग विक्रम बाहेर. नवीन लॉज, नवीन कुलूप."

मनुबाई निळ्या दाराच्या पायरीवर बसली. पाठीमागं लाकडाच्या पल्याड राजी वामकुक्षी घेत होती, आणि डोळ्यांसमोर वाळक्या अबोलीचा गजरा. प्रतिष्ठित व्हावं तर राजी जाते. न व्हावं तर विक्रम सुटतो. एवढा मोठा देश, एवढा मोठा कायदा, आणि दोन्हीकडची दोरी आणून बांधली होती ती तिच्या एकटीच्या गळ्यात.

ती उठली. "बरं. मी प्रतिष्ठित. लिवा."

"शाब्बास!"

"आन म्होरं ह्येबी लिवा. ह्ये घर माझं हाय."

"काय?"

"ह्या दारातनं आत गेलं की परडं. परड्यातनं मोरी. मोरीतनं माझी चूल. सकाळी तुमी दोनदा मागून घेतलासा ती आमटी इथलीच. वास येत न्हाय व्हय?"

साहेबांनी नकळत नाक वर केलं. वास येत होता.

"पंच मनुबाई गेली मनुबाईच्या घरावर, आन तिथं तिला सापडली मनुबाई. असं लिवा आन द्या, मी सही करतो."

साहेबांनी टोपी काढली आणि परत घातली. पंच बाईच आरोपी झाली तर आजची धाड गेली. लॉजचीही गेली. त्यांनी आजवर घातलेल्या सगळ्या धाडी या एका बाईच्या प्रतिष्ठेच्या खुंटीला टांगलेल्या होत्या. "आक्का," ते म्हणाले, "तुमी हे बोललाच न्हाई. मी ऐकलंच न्हाई. तुमी फकस्त बाजूला ऱ्हावा. मी दुसरी बाई बघतो." त्यांनी बाळाबाईकडं वळून नमस्कार केला. "आजी, तुमी पंच व्हा."

बाळाबाईनं मनुबाईकडं बघितलं. मग निळ्या दाराकडं. मग पुन्हा मनुबाईकडं. राजाबाई दुपारी काय करते हे बोळात सगळ्यांना माहीत होतं. ते माहीत नसल्यासारखं जगणं हीच बोळाची जुनी रीत होती. म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"मी? अगा बाबा, मी तर लई वंगाळ बाई. ईडीत वाळकी पानं भरतो. मुकादमाला विचार. सासू जित्ती हुती तवर तिला अळणी वाढलं."

"मग तुमी," साहेब इंदुताईकडं वळले.

"मी अंगणवाडीतली खिचडी घरला नेतो," इंदुताई ताठ मानेनं म्हणाली.

"मी लग्नाआदी पळून गेलतो," पार्लरवाली मंजुश्री पलीकडच्या जिन्यावरून ओरडली.

"ती येकदाच गेलती," मागून मालुबाईचा आवाज आला. मालुबाई साठीची, देवळातली रांगोळी तीच घालते. "मी दोनदा."

"दोनदा?" मंजुश्री खाली वाकली. "कवा गं मावशी? कुणासंगं?"

"तुला काय करायचंय? साहेबांनी विचारलं तर त्यास्नी सांगीन."

मग बोळाला वाचा फुटली. एकीनं शेजारणीचं कोंबडं शिजवून तिलाच रस्सा पाठवला होता. एकीनं सवतीला भूत लागलंय म्हणून उठवलं होतं. भर दुपारी बेलदार बोळात आत्मनिंदेचा असा पूर आला की साहेब कुणाकडं वळावं ते न कळून एका जागी गोल फिरू लागले.

"रचना," ते शेवटी म्हणाले, "तू?"

"साहेब, मी पोलीस हाय," रचना अदबीनं म्हणाली. "पोलिसांना प्रतिष्ठित धरत न्हाईत."

इतक्यात आतून कडी खळकन निघाली. निळं दार उघडलं. राजाबाई उभी, केस विस्कटलेले, कडेवर मांजर.

"काय गलका हाय? घटकाभर पडू द्याल का न्हाय?"

साहेब सावरले. "बाई, तुमची सुटका करायला आलोय."

"कुणाच्या तावडीतनं?"

साहेबांनी आत डोकावून बघितलं. आत एक खाट, एक आरसा, दांडीवर वाळत घातलेलं लुगडं. तावडीचं कुणी दिसेना. "कडी कुणी घातली होती?"

"म्या. मास्तर येनार हुतं, ते दार वाजवल्याबिगार येत्यात. मांजर दचकतंय." तिनं बोळातल्या गर्दीकडं, जीपकडं आणि पंचाच्या साडीतल्या मनुबाईकडं पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तिचा आवाज एकदम लहान झाला. "मने, मला नेत्यात व्हय गं? सांजच्या भाकऱ्या हायत्या."

मनुबाई चालत गेली आणि उंबऱ्यावर तिच्या शेजारी उभी राहिली, जीपकडं तोंड करून.

तेवढ्यात परशराम पोचला, घामानं भिजलेला, गुडघ्याला माती. "साहेब, चुकलं. मधी म्हस आडवी आली, तिला हाकलस्तवर किती कंबरा झाल्या ते इसरलो. पुन्यांदा मोजू?"

"नको," साहेब म्हणाले. त्यांनी रचनाच्या हातातल्या कोऱ्या कागदाकडं बघितलं. मग त्यांनी मजकूर सांगितला: त्या वस्तीत पुष्कळ शोध करूनही एकही प्रतिष्ठित स्त्री उपलब्ध न झाल्यानं झडती घेता आली नाही. बोळातल्या बायकांनी तो मन लावून ऐकला आणि समाधानानं पुन्हा सूप मांडीवर घेतलं.

पण असली गोष्ट बोळात थोडीच राहते? बेळगावला तारखेच्या दिवशी मनुबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा विक्रमच्या वकिलाच्या चेहऱ्यावरूनच दिसलं, त्याच्यापर्यंत ती गोष्ट पोचली होती. राजाबाई मागच्या बाकावर बसली होती. येऊ नको म्हटलं तरी आली होती. माधवीबाईंनी बाहेर मनुबाईला दहादा बजावलं होतं, घराबद्दल विचारलं तर तोंड उघडायचं नाही.

"तुम्ही प्रतिष्ठित आहात?" वकिलानं विचारलं.

"साहेब म्हणत्यात."

"तुमच्या घरी राजाबाई नावाची बाई राहते? तिचा धंदा काय?"

सरकारी वकील उठले. न्यायाधीश म्हणाले, या प्रश्नाचं उत्तर द्यायला साक्षीदार बांधील नाही. माधवीबाईंनी मागून मान हलवली, नको, नको. मनुबाईनं विक्रमकडं बघितलं. तो हसत होता. मग तिनं मागच्या बाकाकडं बघितलं. राजाबाई पदराचं टोक चावत होती.

"देतो की उत्तर," मनुबाई म्हणाली. "ऱ्हाते. माझी मैत्रीण हाय. माझ्या भाकऱ्या तीच करते. दुसरं काय करते ते तिचं तिला ठावं. तिच्या दाराला कडी हाय, ती आतनं. साहेब आलं तवा तिनं आपल्या हातानं काढली. आन ह्याच्या लॉजवर त्या पोरीच्या दाराला कुलूप हुतं, ते भायरनं. किल्ली ह्याच्या खिशात. एवढं मी बघितलं."

"मुद्द्याचं बोला," वकील म्हणाला.

"ह्योच मुद्दा हाय. मी प्रतिष्ठित असलो काय, नसलो काय, कुलूप कुठल्या अंगाला हुतं ते बदलतंय व्हय?"

जबाब कानडीत उतरवून घेणारा कारकून थांबला. "आतून कडी म्हंजे? चिलक?"

"व्हय, चिलक. चिलक आत, कुलूप भायर. दोन्ही लिवा."

न्यायाधीशांनी दोन्ही लिहून घ्यायला सांगितलं. पुढं काही महिन्यांनी विक्रमला शिक्षा झाली. मनुबाईचं कुणी काही केलं नाही. ज्या बाईच्या शब्दावर माणूस तुरुंगात गेला तिलाच आरोपी करायचं, तर त्या माणसाचं काय करायचं, हे कुणाला सुचलं नसावं. नागेंद्र साहेब बदलून जाईपर्यंत रोज जेवायला येत राहिले, पुढच्या दारानं. मोरीपलीकडं काय आहे ते त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांच्या जागी नवे साहेब आले, तरणे, चष्मेवाले. गावातल्या कुणाचीच ओळख नाही. एका सकाळी ते खानावळीत शिरले तेव्हा मनुबाई आमटी हलवत होती आणि राजाबाई भाकरी थापत होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावर पदर. भाकरी टम्म फुगली. साहेब बघतच राहिले.

"आक्का, तुम्ही इथंच राहता?"

"व्हय," राजाबाई म्हणाली.

"बरीच वर्षं?"

"लई."

साहेबांनी आजूबाजूला बसलेल्या गिऱ्हाइकांना विचारलं, या बाई कशा आहेत? तंबाखूचा म्हातारा दलाल कोपऱ्यात जेवत होता. तो घाईनं म्हणाला, "लई चांगल्या!" आणि ताटात तोंड घातलं. निवृत्त मास्तरांनी डोळे पुसले.

साहेबांनी खिशातून लेखी हुकूम काढून राजाबाईपुढं धरला. "एका ठिकाणी जायचंय. पंच म्हणून एक प्रतिष्ठित स्त्री लागते. नाही म्हणू नका, नाही म्हणणं गुन्हा आहे. मी बाहेर जीपमध्ये थांबतो."

ते बाहेर गेले. राजाबाईनं पिठाचे हात तसेच हवेत धरले. "मने, ह्येला काय म्हणायचं गं आता?"

मनुबाईनं आमटीखालची आच कमी केली, आत गेली आणि ट्रंकेतून जांभळी साडी घेऊन आली. झटकून तिच्या खांद्यावर लावून बघितली. जरा आखूड होती, पण दिसत होती चांगली.

"आदी दार बघायचं," ती निऱ्या करता करता म्हणाली. "कुलूप भायरनं असलं तर मुकाट्यानं सही करायची. पोरीला पदराखाली घ्यायचं."

"आन कडी आतनं असली तर?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मनुबाईनं निऱ्या खोचल्या.

"मग त्यास्नी सांगायचं, तू कोण हाईस ते."